कडोलीची येझदी

गेल्या जानेवारीत आपल्या मंडळाचे आम्ही सहा जण कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो. ग्रंथदिंडी, पहिलं सत्र आणि मग जेवणाची पंगत झाली. दुसरं सत्र सुरू व्हायला वेळ होता. आमच्यातल्या एकाच्या लांबच्या नात्यातल्या आज्जी गावातच राहतात. "जाऊन तोंड दाखवून येऊया, नाहीतर आईला कळलं की मला बोलणी बसतील," म्हणून तो आम्हाला त्यांच्याकडे घेऊन गेला.

हात धुवायला परसात गेलो. परसाच्या टोकाला गोठा आहे, त्यात आता जनावरं नाहीत. बटाट्याची रिकामी पोती, मोडका पंप, कोंबड्यांची खुराडी, असं सगळं एकावर एक रचलेलं. त्या पोत्यांच्या ढिगातून एक हँडल बाहेर आलेलं दिसलं. मी एक पोतं उचललं. मग दुसरं. खाली तांबडी टाकी होती. धूळ बोटाने पुसली तर नाव दिसलं, येझदी.

"काय बघालास रे बाळ?" आज्जी मागे येऊन उभ्या होत्या. "ती आता चालू होत न्हाई बघ. आमचे मालक गेल्यापासून तशीच हाय."

त्या दिवशी दुसऱ्या सत्रात कोण काय बोललं, ते मला आठवत नाही. हे मंडळाच्या ई-मासिकात लिहिणं बरं नव्हे, पण खरं आहे.

आता ही गाडी कुठली, ते थोडं सांगतो, कारण आपल्या वयाच्या बऱ्याच जणांना येझदी म्हटलं की शोरूममधली नवी गाडी आठवते. मूळची गाडी चेकोस्लोवाकियाची जावा. १९२९ साली यानेचेक नावाच्या माणसाने वांडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी निघाली, १९६१ पासून तिथे गाड्या बनायला लागल्या. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं. रोडकिंग हे मॉडेल १९७८ चं. २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी. २०२२ च्या जानेवारीत हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी वेगळी, इंजिन वेगळं.

आज्जींची गाडी १९९१ ची रोडकिंग. मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पुढच्या गार्डला प्लास्टिकची दोरी घट्ट गुंडाळलेली. या पेट्या भाजी न्यायला नव्हत्या. आजोबांना फिरायचं वेड होतं. म्हैसूरचा दसरा बघायला ते याच गाडीवरून गेले होते. पाचशेहून जास्त किलोमीटर, तेही आज्जींना मागे बसवून.

माझं नाव ऐकल्यावर आज्जी म्हणाल्या, "किरिस्तांव काय रे तू? मग तुमच्या गोव्याच्या सायबाचं शव बघायला पण आम्ही गेलेलो की ह्याच गाडीवरनं. रामनगर, अनमोड घाट, तसं."

ते १९९४ चं शवप्रदर्शन. ओल्ड गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचं शव दहा वर्षांनी एकदा दर्शनाला खाली आणतात. आमचं कुटुंब नुकतंच जाऊन आलं होतं, कारण २०२४-२५ चं प्रदर्शन ५ जानेवारीला संपलं. आम्ही बसने गेलो, रांगेत उभं राहून पाय दुखले म्हणून मी कुरकुर केली. या आज्जी तीस वर्षांपूर्वी घाटातून टू-स्ट्रोकच्या धुरात गेल्या आणि अजून हसत सांगतात. मला थोडी लाज वाटली आणि गाडी जास्तच आवडली.

"विकणार काय आज्जी?"

"भंगारवाला येऊन गेला. चार हजार म्हणाला. मागं निपाणीचा एक पोरगा आलेला, तो सहा बोलला. तू दहा दे आणि घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल."

मी काय म्हणालो असेन? बाजारात भाजी घेताना मम्मी जे म्हणते तेच. "आठ होतील काय?"

आज्जी नऊवर आल्या. मी "बघून सांगतो" म्हणालो आणि परत येताना बसमध्ये सगळ्यांना सांगितलं की मला नऊ हजारात रोडकिंग मिळतेय.

*

माझ्याकडे तेव्हा एकेचाळीस हजार रुपये होते. दोन वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यातून साठवलेले. ते पैसे एम.ए. साठी आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचं असेल तर फी, खोली, मेस आलं. घरून मागता येतील, पण मागायचे नाहीत असं मी ठरवलेलं. पण नऊ हजार गेले तरी बत्तीस उरतात, हा हिशेब करायला मला एक मिनिट लागलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मासनंतर मी शहापूरच्या एका मिस्त्रींना घेऊन कडोलीला गेलो. त्यांनी आयुष्यभर या गाड्यांची कामं केली आहेत. त्या दिवशी मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी मामाच्या किंवा आजोबांच्या घरी अशी एखादी गाडी पोत्याखाली असणार.

पहिल्यांदा मिस्त्रींनी मलाच किक मारू दिली नाही. "उभ्या गाडीला आल्याआल्या किक मारायची नाही. आत काय अडकलंय ते माहीत नसताना जोर लावलास तर जे शाबूत आहे ते पण मोडशील." येझदीला वेगळी किक नसते. गिअरचा लिव्हरच आत दाबून वर उभा करायचा, की तोच किक होतो. त्यांनी हाताने हळूच दाबून बघितलं. तो हललाच नाही. म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

मग प्लग काढून त्या भोकातून त्यांनी डिझेल आणि ऑइल ओतलं. "आता पंधरा दिवस हात लावू नका."

नंतर टाकी. झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास येईल असं मला वाटलं होतं. वास आला तो जुन्या वार्निशचा. उभ्या गाडीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. जेटची भोकं सुईच्या टोकाएवढी, त्यामुळे नुसतं नवं पेट्रोल घालून गाडी चालू होत नाही. टाकीच्या तळाशी गंज होता, पण पत्रा फुटलेला नव्हता. शिवाय आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के एथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि १९९१ चे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. म्हणजे पाइप, वॉशर, गॅस्केट सगळं बदलायचं.

टायरला वरून खाच चांगली दिसत होती. मिस्त्रींनी टायर बाजूने दाबला तेव्हा भेगा उघडल्या. "नक्षी बघून फसायचं नाही. रबर वापरून झिजतं तसं बसूनही मरतं." एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं होतं. वायरिंगही त्याच उंदरांनी खाल्लेलं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वर सिलिंडरमध्ये जायच्या आधी खालच्या क्रँककेसमधून जातं. म्हणून ती पेटी हवाबंद लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे ऑइल सील असतात ते वर्षानुवर्षं कोरडे राहिले की कडक होतात. गाडी चालू होते, चांगली पळते पण. पण त्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल कमी पडतं, इंजिन तापतं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होतो. मागचं चाक तिथेच लॉक.

"म्हणून चालू झाली म्हणजे बरी झाली असं समजू नकोस," मिस्त्री म्हणाले. "पूर्ण इंजिन उघडायचं, क्रँक करायचा, सील बदलायचे, मगच घाटात न्यायची. नाहीतर घेऊच नकोस."

खर्च त्यांनी बोटांवर मोजला. बोअरिंग, पिस्टन, क्रँक, सील, टायर-ट्यूब, वायरिंग, केबल, ब्रेक शू, सीट. चाळीस हजारांच्या आत बसवायचा प्रयत्न करीन म्हणाले. मजुरी ते माझ्या ऐपतीप्रमाणे घेणार होते. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी भाग मिळतात, कारण या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं गावोगावी आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ती आपापल्या शहरात गाड्या घेऊन जमतात.

जाताना त्यांनी इंजिन आणि चॅसिसवरचे नंबर तारेच्या ब्रशने घासून, त्यावर खडू फिरवून वाचले आणि आरसी बुकाशी ताडले. जुळले. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "नऊ हजारात देतेय म्हातारी? लॉटरी लागली तुला. अशीच बंद गाडी लोक तीस-पस्तीसला घेतात."

खरं सांगायचं तर हे मला आधीच माहीत होतं. संमेलनाहून आल्यापासून रोज रात्री मी फोनवर जुन्या रोडकिंगच्या जाहिराती बघत होतो. चालू गाड्यांना ऐंशी-नव्वद हजार मागत होते. बंद पडलेल्या तीस-चाळीसला. मला लॉटरी लागलीय हे कळल्यामुळेच मी इतका खूश होतो.

*

मार्चमध्ये पिस्टन सुटला. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवत राहायचं, अशी पद्धत. मित्र आणि मी अर्धा तास हलवत होतो. एकदम 'कच्च' आवाज झाला आणि चाक फिरलं. चुलीजवळून आज्जी धावत आल्या. मी किकवर हळूच पाय ठेवला, ती खाली गेली. इंजिन चालू झालं नाही, होणारही नव्हतं, पण आत काहीतरी फिरलं. आज्जींनी टाकीवर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या.

मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. लोखंडाचं काहीही असलं की त्यांना रस असतो. बोअरिंगचं त्यांनी नीट ऐकून घेतलं, "आमच्याकडे करून घेऊया की," असंही म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "नऊ हजारात का देतेय ती?"

"तिला जागा मोकळी करायचीय."

"तीस-पस्तीस हजार मिळतात हे तिला माहीत आहे?"

मी गप्प.

"तू सांगितलं नाहीस?"

मी खूप बोललो त्या रात्री. भंगारवाल्यापेक्षा मी दुपटीने देतोय. किंमत तिने स्वतः सांगितली. मी नाही घेतली तर गाडी वितळवून टाकतील, माझ्याकडे ती पुन्हा रस्त्यावर येईल. बाजारात सगळे असंच करतात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात आपण नाही का दहा रुपयाला दुर्मिळ पुस्तक उचलत? पप्पांनी वाद घातला नाही. "बघ बाबा," म्हणाले आणि रोजरी म्हणायला उठले.

तो उपवासकाळ होता. कन्फेशनला जायच्या आधी दहा आज्ञा एकेक करून स्वतःला विचारायच्या असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सातवी आज्ञा, चोरी करू नको, ही मी नेहमी पटकन ओलांडतो. मी कुठे कोणाचं काय चोरतो? या वेळी तिथे अडकलो. मी काही उचललं नव्हतं. फक्त मला एक गोष्ट माहीत होती, आज्जींना नव्हती, आणि ती त्यांना कळू नये अशी माझी इच्छा होती. पुस्तकांच्या दुकानदाराचं मी स्वतःला सांगितलेलं उदाहरणही टिकेना. दुकानदाराचा तो धंदा आहे, भाव माहीत असणं त्याचं काम आहे. आज्जींचा गाड्या विकायचा धंदा नाही. त्यांनी मला घरात घेतलं, जेवायला वाढलं आणि नवऱ्याची गाडी दाखवली. मी त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून गेलोच नव्हतो. आत गेल्यावर झालो.

आणि "आठ होतील काय?" हे आठवलं की कान गरम व्हायचे.

*

ईस्टरनंतरच्या रविवारी मी एकटाच कडोलीला गेलो. आज्जी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी बाजूला बसलो आणि सांगून टाकलं. असल्या बंद गाडीला लोक तीस-पस्तीस हजार देतात.

त्या आधी हसल्या. "यांनी घेतली तेव्हा पण एवढे दिले नव्हते की रे!"

मग हसू गेलं. हातातली मिरची तशीच धरून म्हणाल्या, "तो निपाणीचा पोरगा सहा बोलला. त्याला माहीत होतं काय?"

"असेल."

"आणि तू आठ म्हणालास, तेव्हा तुला?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. त्या दिवशी, त्या क्षणी मला नक्की आकडा माहीत नव्हता, हे तांत्रिकदृष्ट्या खरंही होतं. पण नऊ हजार फार कमी आहेत हे माहीत होतं. म्हणूनच तर बसमध्ये मी ओरडून सांगत होतो.

"अंदाज होता आज्जी. नंतर पक्कं कळलं. तरी दोन महिने बोललो नाही."

त्या काही वेळ मिरच्या पसरत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "चा घे." चहा झाल्यावर म्हणाल्या, "गणपतीला पोरगा येतोय पुण्यासनं. त्याला विचारून सांगते."

शाबास म्हणाल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं आपण गोष्टींत वाचतो. मला बसमध्ये हलकं वाटलं नाही. आपण एका चांगल्या माणसाच्या नजरेतून थोडे उतरलोय, आणि ते योग्यच आहे, असं वाटलं.

त्यानंतर पहिल्यांदा मी खराखुरा हिशेब मांडला. नऊ हजार हा आकडा होता तेव्हा बाकीचे आकडे डोळ्यांआड करता येत होते. आता गाडी तीस, काम चाळीस. मग कागद. आरसी आजोबांच्या नावावर आणि २०११ ला संपलेली. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी फेरतपासणी करून नूतनीकरण. आजोबांनी २००६ ला एकदा केलं होतं, २०१० ला ते गेले. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा, असा नियम आहे. आपल्याकडे दुःखाच्या घरात कोणाला सुचतं ते? म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून गाडी आज्जींच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या. नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्यामागे ३०० रुपये जादा, हा दर नियमातच आहे. म्हणून पैसे द्यायच्या आधी आरटीओच्या खिडकीवर जाऊन आकडा विचारून यायचा, एजंटच्या तोंडावर जायचं नाही. त्यात ऑगस्टमध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एक हजाराची दोन हजार झाली. कागदांना एकूण मी पंधरा हजार धरले.

सगळं मिळून पंच्याऐंशी. माझ्याकडे एकेचाळीस, आणि तेही कोल्हापूरचे.

गंमत म्हणजे गाडी नऊ हजारात मिळाली असती तरी बेरीज चौसष्ट होत होती. म्हणजे तेव्हाही परवडत नव्हतीच. स्वस्त मिळतेय या आनंदात मी ती बेरीज केलीच नव्हती. अर्धवट पैशात मी काय केलं असतं? क्रँक उघडला नसता. सील बदलले नसते. चालू झाली की अनमोडला काढली असती.

गणपतीच्या आधी मी ठरवलं. आत्ता नाही घ्यायची. आज्जी तीसवरून खाली आल्या तरी नाही. एम.ए. झाल्यावर गाडी तिथेच असली तर बघू.

*

पण माझं 'नाही' मला बोलायलाच लागलं नाही.

गणपतीत आम्ही मित्र कडोलीला गेलो. आज्जींचा मुलगा आला होता. पुण्यात नोकरी, दोन लहान मुलं. त्याने गाडी परसातून काढून अंगणात आणली होती, धुतली होती. मी गेल्यावर म्हणाला, "तूच काय तो? आईनं सांगितलं." मग जरा अवघडून, "मी ठेवतोय रे गाडी. विकायची नाही."

मला आधी हसू आलं. चौदा-पंधरा वर्षं ही गाडी पोत्याखाली होती तेव्हा त्याला तिची आठवण नव्हती. किंमत कळल्यावर वडील आठवले. हे मी मित्राच्या कानात बोललोसुद्धा. तेवढ्यात तो त्याच्या मुलाला टाकीवर बसवून सांगायला लागला, "मी इथं बसायचो, बाबा चालवायचे, तुझी आज्जी मागं. इथं टाकी गरम व्हायची, मग बाबा खाली फडकं घालायचे." त्याने सीटखालच्या डब्यात हात घातला आणि खरोखरच एक काळं पडलेलं फडकं बाहेर काढलं. मग मी काही बोललो नाही. माणसाला आठवण कशाने येते, ते आपण कोण ठरवणार? मला तरी त्या गाडीची ओढ कशाने लागली होती?

मिस्त्रींचा नंबर त्याने माझ्याकडून घेतला. क्रँकच्या सीलचं मी त्याला दोनदा सांगितलं. बोअरिंगसाठी पप्पांच्या मशीन शॉपमध्ये यायचं ठरलं.

कागदांचं काम माझ्याकडे आलं. मुलाला दोनच दिवसांची सुट्टी होती, आज्जींना कन्नड वाचता येत नाही आणि इंग्रजीही नाही. मी दोन्ही वाचतो. मुलाचं म्हणणं, गाडी त्याच्या नावावर करावी. आज्जी म्हणाल्या, "आधी माझ्या नावावर होऊदे. मग तुझं काय ते बघ." तो काही बोलला नाही.

ओट्यावर बसून मी फॉर्म ३१ भरला. मृत्यूचा दाखला, मुलाची संमती, आधार कार्ड, जुनं आरसी बुक. मयत मालकाचं नाव. वारसाचं नाव. नातं. आज्जींनी चष्मा लावला, पेन धरला आणि मराठीत सही केली, एकेक अक्षर सुटं. सही करताना हात थांबवून विचारलं, "हे झालं की गाडी माझी?"

"होय आज्जी."

"मी कधी चालवली नाही बघ ती."

"मालकाला चालवता यायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हणालो. त्या हसल्या. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

आता इंजिन शहापूरला उघडलेलं आहे. सिलिंडर उद्यमबागेत बोअर होऊन आला, तो मी स्वतः पोचवला. क्रँकचं काम चालू आहे. माझे एकेचाळीस हजार बँकेत आहेत, आता चव्वेचाळीस झालेत. जानेवारीत पुन्हा संमेलन आहे. आज्जींनी निरोप पाठवलाय की पंगत झाली की घरी या, आणि गाडी तोवर तयार झाली तर काकतीच्या हायवेपर्यंतची पहिली फेरी माझी. पेट्रोल मात्र मी घालायचं, ऑइल मिसळून.

मी मित्राला विचारलं, मागे कोण बसणार?

"आज्जीच बसणार म्हणतेय," तो म्हणाला.